पाणी उकळून प्या: एका वाक्याची समीक्षा

जुलै २०२१. महाडच्या बाजारपेठेतलं पुराचं पाणी उतरून दोन दिवस झाले होते आणि मागे उरला होता गाळ. गुडघाभर, करडा, उग्र वासाचा. तांदळाच्या गोणीला, शिलाई मशीनला, शाळेच्या दप्तराला सारखाच चिकटलेला. मी पुण्याहून मिळेल त्या गाडीने आत्याकडे पोचले होते. मूळची मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली, पण पाचवीपासून दहावीपर्यंत आत्याकडे राहून महाडला शिकले. त्या घराचा तळमजला आता फावड्याने उपसायचा होता.

आम्ही गाळ ओढत असताना गल्लीत भोंगा लावलेली रिक्षा आली. रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता: सर्व नागरिकांना विनंती करण्यात येते की, पाणी उकळून, गार करून प्यावे. आत्याचा सिलिंडर मागच्या वहाळाकडे वाहून गेला होता. शेगडीत चिखल होता. काडेपेटी भिजून लगदा झाली होती. ती कमरेवर हात ठेवून दारात आली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "बाबा रे, उकळू कशावर? तुझ्या रिक्षावर?"

सगळी गल्ली हसली. रिक्षावालाही हसला, कारण त्याचं घरही पाण्यात गेलं होतं.

आपण कवितेची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, वेब सिरीजच्या शेवटच्या भागावर तर तीन-तीन हजार शब्द लिहितो. पण जे वाक्य आपण आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल, त्याच्याकडे मजकूर म्हणून कधी बघत नाही. आत्याने बघितलं. तिने त्या वाक्यातली गाळलेली जागा दाखवली. हा लेख तिथूनच पुढे जातो.

करण्यात येते, पण कोणाकडून?

वाक्य पुन्हा वाचा. 'विनंती करण्यात येते.' कोण करतं? माहीत नाही. सरकारी मराठीतलं हे सगळ्यात लाडकं क्रियापद आहे: करण्यात येते, देण्यात येईल, घेण्यात आली. बोलणारा त्यात कुठेच दिसत नाही. आणि दुसरा भाग? 'उकळून, गार करून प्यावे.' इथे करणारा कोण, हे न सांगताही कळतं. तुम्ही. पाणी तुम्ही आणायचं, इंधन तुम्ही मिळवायचं, भांडं तुम्ही शोधायचं आणि थांबायचंही तुम्हीच. घरोघरी बघितलं तर 'तुम्ही' म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई.

म्हणजे बोलणारा अदृश्य आणि ऐकणारा जबाबदार. आपल्याकडच्या आरोग्यविषयक मजकुराचा हा जवळजवळ ठरलेला साचा आहे. हात धुवा. डबकी साचू देऊ नका. उघड्यावरचं खाऊ नका. ताप अंगावर काढू नका. आज्ञार्थी क्रियापदांची रांग, आणि एकाही वाक्यात 'आम्ही' नाही.

मी हे वाक्य खोटं आहे असं म्हणत नाही, उलट ते अगदी खरं आहे. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली की कॉलऱ्याचे, विषमज्वराचे जंतू मरतात, काविळीचे विषाणू निष्प्रभ होतात. फिल्टर नसलेल्या घरात यापेक्षा खात्रीचा उपाय क्वचितच असेल. अडचण दुसरीकडे आहे. वाक्य खरं असूनही अपुरं असू शकतं, आणि अपुरं वाक्य पुरेसं असल्यासारखं वाजवलं की त्यातून चुकीचा अर्थ निघतो. रोग झाला? मग तुम्ही पाणी उकळलं नसणार.

पायातून येणारा रोग

महाडमध्ये त्या आठवड्यात डॉक्टरांना ज्या रोगाची मोठी धास्ती होती, तो तोंडावाटे येतोच असं नाही. लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्री, डुकरं, गाई-म्हशी यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू पाण्यात आणि चिखलात जातात, आणि माणसाच्या पायावरच्या भेगेतून, खरचटल्यातून, डोळ्या-नाकाच्या नाजूक त्वचेतून आत शिरतात. लक्षणं दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात. सुरुवातीला साधा ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसात रक्तस्राव, मृत्यू. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ऑगस्टमध्ये हाच रोग मोठ्या प्रमाणावर पाहिला होता.

पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन देतात, शक्यतो ७२ तासांच्या आत. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना वेगळं औषध. म्हणजे या रोगात घड्याळ महत्त्वाचं आहे, आणि कोण कुठल्या पाण्यातून चाललं हेही. भोंग्यावरच्या यादीत मात्र उकळलेलं पाणी, ताजं अन्न, मास्क, डास आणि गमबूट एका श्वासात येत होते. तोंडावाटे, कातडीतून, हवेतून आणि डासांमार्फत अशा चार वेगवेगळ्या वाटांनी येणारे रोग, आणि सगळ्यांसाठी एकच सूर. ऐकणाऱ्याला वाटतं, पाणी उकळलं की आपण सुटलो. मग तो अनवाणी गाळात उतरतो.

गमबुटाचं तर वेगळंच. तो विकणारी दुकानंच पाण्याखाली होती. आणि पूर नसतानाही, आमच्या वाडीत जुलैमध्ये लावणी चालते तेव्हा बायका चिखलात अनवाणीच असतात. गमबूट घालून लावणी करून बघा. चार पावलांत बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. हे लिहिणाऱ्याने कधी लावणी केलेली नसावी, आणि केलेल्यांना कोणी मजकूर दाखवून विचारलं नसावं.

इथे आपल्या आणखी एका आवडत्या वाक्याची समीक्षा करायला हवी: 'रोग भेदभाव करत नाही.' लेप्टोस्पायराला जात, धर्म, बँक बॅलन्स कळत नाही, हे खरं. पण कोणाचा पाय आधी त्या गाळात पडतो, हे कोण ठरवतं? पुरानंतर गटारं उपसायला उतरणारा सफाई कामगार, गोठा धुणारी बाई, भातलावणी करणारी मजूर. जंतू भेदभाव करत नाही, पण जंतूपर्यंत पोचणारी वाट भेदभावानेच आखलेली असते. महाडला हे शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही. या गावात त्यासाठी एक तळं आहे.

एकशे आठ घागरी

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात शिकतो. मी तर त्या तळ्याच्या कडेने शाळेत जायचे, तरी तो परिच्छेदच होता. पूर उतरल्यावर मी त्याच्याकडे पुन्हा गेले ते पाण्याविषयीचा मजकूर म्हणून.

घटनाक्रम असा. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या यादीतला शेवटचा शब्द आपण सहसा विसरतो. पाणवठा आणि दवाखाना एकाच वाक्यात होते. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, काठावर काहीच बदललं नाही.

मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी आयोजकांना ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात सार्वजनिक तळं असताना. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. मग सनातनी मंडळींनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी पाणी काढून, गोमूत्र, शेण, दूध, दही घालून, मंत्र म्हणून ते पुन्हा तळ्यात ओतलं.

या कृतीकडे मजकूर म्हणून बघा. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने कोलकात्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात दाखवला होता १८८४ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षं आधी. पिण्याच्या पाण्यात विष्ठा-मूत्र मिसळू नये, ही साथरोग रोखण्याची पहिली पायरी तोपर्यंत जगाला ठाऊक होती. सूक्ष्मजंतूंच्या भाषेत महाडचं ते शुद्धीकरण म्हणजे शुद्धीकरणाच्या नेमकं उलट. तळं मोठं, घागरी एकशे आठ. त्यामुळे कोणी आजारी पडलं असा माझा दावा नाही. मुद्दा शब्दाचा आहे. 'शुद्ध' हा शब्द तिथे पाण्याविषयी बोलतच नव्हता. तो माणसांविषयी बोलत होता.

आणि तोच शब्द आज आपण जलशुद्धीकरण केंद्रावर लिहितो, फिल्टरच्या जाहिरातीत ऐकतो. एका शब्दात दोन पाणवठे आहेत. एकात क्लोरीन मोजतात, दुसऱ्यात माणूस मोजतात. मार्च २०२० मध्ये 'सोशल डिस्टन्सिंग'चं मराठी 'सामाजिक अंतर' असं झालं, तेव्हा हाच घोळ पुन्हा झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणणं बरं, अशी भूमिका घेतली. पण आपल्या फलकांवर, बातम्यांत 'सामाजिक अंतर' चिकटलं ते चिकटलंच. ज्या समाजात सामाजिक अंतर हे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या काठावर पाळायला लावलं गेलं, तिथे दोन मीटर लांब उभं राहण्यासाठी हाच शब्द सापडावा? सहा महिन्यांत दुधाचे, धुणीभांड्यांचे, डिलिव्हरीचे लोक 'वाहक' म्हणून बघितले जायला लागले, त्यात या शब्दाचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण शब्द निर्दोष नव्हता.

एक आक्षेप

इथे कोणीही जाणकार मला अडवेल. चवदार तळ्याचा लढा आरोग्याचा नव्हता. खुद्द बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत स्पष्ट केलं होतं की त्या तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार आहोत असं नाही. आपण माणूस आहोत, समान आहोत, हे ठरवायला तिथे जायचं आहे. मग तुम्ही त्याला साथरोगाच्या चर्चेत का ओढता?

आक्षेप बरोबर आहे, आणि मी तो मान्य करूनच पुढे जाते. तो लढा समतेचा होता. पण त्यातून एका विशेषणाचा अर्थ पक्का झाला: सार्वजनिक. आपण 'सार्वजनिक आरोग्य' म्हणतो तेव्हा दुसऱ्या शब्दावर सगळा भर देतो, आणि पहिला शब्द केवळ खात्याच्या पाटीवरचा समजतो. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढे खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात संपला. तळ्यावर एकट्यांचाच हक्क असल्याची पुरातन रूढी दावेदारांना सिद्ध करता आली नाही. म्हणजे पाणी 'सगळ्यांचं' आहे हे वाक्य उच्चारायला ठराव, रक्त आणि न्यायालय असं सगळं लागलं. त्या वाक्याशिवाय 'पाणी उकळून प्या' हे वाक्य सुरूच होऊ शकत नाही. उकळायला आधी पाणी भरता आलं पाहिजे.

हुकूम हाही उपाय नव्हे

मग करणारा शासनानेच व्हावं, एवढं म्हटलं की झालं? तेही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी शासन पुरेपूर 'करणारा' झालं होतं. साथरोग कायदा त्याच वर्षी आला. सैनिक घरात शिरून रुग्ण शोधत होते, माणसं छावणीत नेत होते, सामान जाळत होते. विलगीकरण हा उपाय तत्त्वतः चुकीचा नव्हता. पण घरात बूट घालून शिरलेल्या उपायाला लोकांनी रोगापेक्षा जास्त घाबरायला सुरुवात केली. रुग्ण लपवले गेले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच साथीत, त्याच शहराजवळ, सावित्रीबाई फुले रुग्णांना डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रुग्णाला घरातून दवाखान्यात नेणं ही कृती दोन्हीकडे एकच. एकीकडे माणूस ओढून नेला जात होता, दुसरीकडे उचलून आणला जात होता. आरोग्याचा कुठलाही मजकूर वाचताना मी आता हा प्रश्न विचारते: यात माणसाला ओढलंय की उचललंय?

एक बरा मजकूर

टीकाच करत बसायला नको. आपल्याकडे एक चांगला मजकूरही आहे, आणि तो कोणी वाचत नाही. गावांतल्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता पाहणी होते, आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. जोखीम कमी असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, तीव्र असेल तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी.

या मजकुराचं व्याकरण बघा. इथे कर्ता 'तुम्ही' नाही. कर्ता आहे ग्रामपंचायत. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, पाइपला गळती आहे का, टीसीएल पावडर साठ्यात आहे का आणि ती वेळेवर टाकली जाते का, याची उत्तरं पंचायतीने द्यायची. जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो: नळीत थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळं झालं नाही, तर प्रश्न तुमच्या चुलीचा नाही, टाकीचा आहे.

उणीवही आहेच. कार्ड पंचायतीच्या कपाटात किंवा भिंतीवर असतं, तुमच्या फोनवर नसतं. उकळण्याचा मेसेज मात्र फोनवर येतो. म्हणजे आपली जबाबदारी आपल्या खिशात आणि त्यांची जबाबदारी त्यांच्या कपाटात. ग्रामसभेत उठून 'आपलं कार्ड कुठल्या रंगाचं?' एवढंच विचारून बघा. चार शब्दांत कर्ता जागेवर येतो.

पोलादपूरच्या आमच्या डोंगरात तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जुलै २०२१ च्या त्याच दिवसांत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. तिथेच उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडकडे येते. महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरमध्ये केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. आणि याच डोंगरांत एप्रिल-मे आला की वाड्यांना टँकर लागतो. जुलैत पाणी घर घेऊन जातं, मे महिन्यात हंडाभर मिळत नाही. अशा वाडीला 'वारंवार हात धुवा' हा मेसेज मे महिन्यात येतो, तेव्हा तो सल्ला राहत नाही, त्याची थट्टा होते.

शेवटचं वाक्य कोणाचं?

पूर उतरल्यावर आठवड्याभराने आत्याला ताप आला. अंग दुखत होतं, पोटऱ्या धरल्या होत्या. ती म्हणाली, "गाळ उपसून अंग आंबलंय, बाय. दुसरं काही नाही." मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. गर्दी होती. तिने नेहमीसारखं सांगितलं: ताप आहे, अंग दुखतंय. डॉक्टर लिहायला लागले. तेव्हा मी मध्ये बोलले: "ती चार दिवस अनवाणी गाळात होती. टाचेला भेगा आहेत."

डॉक्टरांनी पेन थांबवलं, डोळे बघितले, पोटऱ्या दाबून बघितल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. लेप्टोच्या संशयात असंच करायचं असतं. आत्या बरी झाली. तो लेप्टोच होता का, हे तिला आजही महत्त्वाचं वाटत नाही.

मला मात्र ते एक वाक्य महत्त्वाचं वाटतं. 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.' पुरानंतरच्या तापात डॉक्टरांना इतकं उपयोगी पडणारं वाक्य दुसरं नसेल, आणि ते भोंग्यावर एकदाही वाजलं नाही. कारण आपल्या आरोग्य-मजकुरात लोकांनी फक्त ऐकायचं असतं. त्यांनी काय सांगायचं, हे त्यात लिहिलेलंच नसतं. 'ताप आला तर डॉक्टरला सांगा, कुठल्या पाण्यात उतरला होतात ते' एवढं वाजवायला रिक्षाला जादा डिझेल लागलं नसतं.

पुढच्या जुलैत भोंगा पुन्हा येईल. महाड आहे, तो येणारच. तेव्हा पाणी जरूर उकळा, ज्यांच्याकडे शेगडी आहे त्यांनी तर नक्कीच. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी आपल्या शेगडीवर एक पातेलं जास्त ठेवा. मग दारात येऊन आत्यासारखं विचारा, टँकर कधी येणार, टीसीएल टाकली का, गोळ्या कुठे मिळतील, गाळात उतरलेल्या सफाई कामगारांना बूट दिलेत का. रिक्षावाल्याकडे उत्तर नसेल. त्याला सांगा, हा प्रश्न रेकॉर्ड करून परत घेऊन जा.